ऑगस्ट ते जानेवारी : कॉलेज फुटबॉलचा अख्खा सीझन कसा बघायचा

ओहायो स्टेटला शिकायला आलेल्या मराठी मुलांना मी दर ऑगस्टमध्ये एकच सांगते: किराणा कुठे मिळतो ते नंतर विचारा, आधी फुटबॉलचं, म्हणजे हाताने फेकायच्या अमेरिकन फुटबॉलचं, वेळापत्रक फोनमध्ये घालून घ्या. आवड असो वा नसो. घरच्या मैदानावर सामना असला की त्या शनिवारी कोलंबसात लाखभर माणसं स्टेडियमकडे निघतात. लेन अव्हेन्यू आणि हाय स्ट्रीटवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, बसचे मार्ग बदलतात, आणि लायब्ररीत निघालेलं पोर लाल शर्टांच्या गर्दीत अडकून पडतं. अडकायचंच आहे तर निदान समजून अडकावं.

"पण मावशी, हे लोक पाच सेकंद खेळतात आणि मग नुसते उभे राहतात," अशी माझ्या भाच्याची तक्रार होती. तक्रार अगदीच खोटी नाही. सुटा एक सामना बघायला बसलात तर कंटाळा येणारच. कॉलेज फुटबॉलची खरी मजा सीझनमध्ये आहे. फक्त बारा सामने, आठवड्याला एकच, आणि हरायची मुभा जेमतेम एक-दोनदा. त्यामुळे ऑक्टोबरमधल्या एका गुणाने डिसेंबरचं सगळं गणित फिरतं. हे गणित मांडता आलं की मधलं उभं राहणंसुद्धा छातीत धडधड करायला लागतं.

उदाहरणं मी ओहायो स्टेटचीच देणार, आणि त्यातली बरीचशी २०२४ च्या सीझनची. एका सीझनमध्ये जे जे घडू शकतं ते सगळं त्या वर्षी घडलं.

एक टीम धरा

वरच्या श्रेणीत सव्वाशेहून जास्त कॉलेजं खेळतात. सगळ्यांचा माग ठेवणं नोकरी-अभ्यास सांभाळून जमत नाही, जमवूही नये. एक टीम निवडा: तुम्ही शिकता ती, लेक शिकते ती, नाहीतर राहता त्या गावची. यातलं काहीच लागू पडत नसेल तर निदान गेल्या वर्षी जिंकली म्हणून एखादी धरू नका. इथला पोरगा साधारण चार सीझन खेळतो आणि जातो. त्यात २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता यायला लागले, ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, त्याआधीच आलं होतं, आणि आता हिवाळ्यात या कॉलेजचे खेळाडू त्या कॉलेजात सर्रास जातात. २०२४ चा आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून चढाई चालवणारा खेळाडू, विल हॉवर्ड आधी कॅन्सस स्टेटचा होता. एक वर्ष आमच्याकडे खेळला आणि गेला. मागच्या वर्षीची टीम या वर्षी उरलेलीच नसते. कायम राहतं ते कॉलेज, त्याचा रंग आणि त्याचा शत्रू.

वेळापत्रक आधी वाचा

सामने ऑगस्टअखेर सुरू होतात आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी नेहमीचा सीझन संपतो. मध्ये एखाद-दोन आठवडे सुटीचे, त्याला बाय म्हणतात. आमचं कॉलेज बिग टेन या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, आहे. नावात दहा असले तरी २०२४ पासून तिच्यात अठरा कॉलेजं आहेत, पार लॉस एंजेलिस आणि सिॲटलपर्यंतची. बारापैकी नऊ सामने कॉन्फरन्समधल्यांशी, तीन बाहेरच्यांशी.

बाहेरचे तीन सामने बघून कॉलेजने स्वतःला किती त्रास करून घ्यायचं ठरवलंय ते कळतं. छोट्या कॉलेजांना घसघशीत रक्कम देऊन बोलावलं जातं. ते येतात, मार खातात आणि चेक घेऊन परत जातात. २०२४ ला आम्ही ॲक्रनला ५२–६, वेस्टर्न मिशिगनला ५६–० आणि मार्शलला ४९–१४ हरवलं. या तिन्ही सामन्यांतून टीमबद्दल काडीचंही कळलं नाही. असे सामने उत्साहाने बघा, पण त्यावरून भाकितं करू नका. याउलट २०२५ ची सुरुवातच घरच्या मैदानावर टेक्ससशी होती, १४–७ असा घाम काढून जिंकलो, आणि पहिल्याच शनिवारी कळलं की बचाव पक्का आहे.

अर्थात मार खायला बोलावलेला पाहुणा कधीकधी घर लुटूनही जातो. २००७ साली सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला ॲपलाचियन स्टेट नावाची खालच्या श्रेणीतली टीम आमच्या कट्टर वैऱ्याच्या, मिशिगनच्या, घरी गेली आणि ३४–३२ जिंकून आली. कोलंबसात ही गोष्ट लहान मुलांनाही माहीत असते.

वेळापत्रकावर पेन्सिलने तीन प्रकारच्या तारखांना खूण करा. तगड्या टीमच्या घरी जाऊन खेळायचंय ती तारीख. अशा मोठ्या सामन्याच्या लगेच पुढचा सामना, कारण दमलेली, मनाने अजून मागच्याच शनिवारी असलेली टीम तिथे ठेचकाळते. आणि नोव्हेंबरमधले परगावचे सामने. मिशिगनच्या तारखेला खूण करायची गरज नाही, ती तुम्हाला विसरू दिली जाणार नाही.

चार डाउन कळले की बरंच कळलं

मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा यार्डांचे एंड झोन. दोन्हीकडे अकरा जण. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्न मिळतात, एकेका प्रयत्नाला डाउन म्हणायचं. चार डाउनमध्ये दहा यार्ड सरकलात तर पुन्हा नवे चार. नाही सरकलात तर बॉल समोरच्यांचा. एंड झोनमध्ये बॉल नेला की टचडाउन, सहा गुण. त्यानंतर किक मारून एक जादा गुण, किंवा हिंमत असेल तर पुन्हा एंड झोन गाठून दोन. टचडाउन जमत नसेल तर खांबांमधून किक मारून फील्ड गोलचे तीन. स्वतःच्याच एंड झोनमध्ये धरले गेलात तर समोरच्यांना दोन.

पडद्यावर 'थर्ड अँड सेव्हन' असं काहीतरी दिसतं. म्हणजे तिसरा डाउन, अजून सात यार्ड हवेत. वनडेत आपली नजर जशी 'किती चेंडूंत किती धावा' या आकड्यावर खिळलेली असते, तशी इथे या दोन आकड्यांवर ठेवा. चौथ्या डाउनला बहुतेक टीम बॉल लांब लाथाडून देतात, त्याला पंट म्हणतात, म्हणून खरा निकाल तिसऱ्या डाउनला लागतो. थर्ड अँड टू असेल तर पळतील की फेकतील, सांगता येत नाही. थर्ड अँड ट्वेल्व्ह असेल तर फेकणारच, हे बचावालाही माहीत असतं, आणि तो क्वार्टरबॅकवर तुटून पडतो.

२ नोव्हेंबर २०२४, पेन स्टेटचं बीव्हर स्टेडियम. आम्ही २०–१३ ने पुढे, चौथा क्वार्टर चालू, आणि पेन स्टेट आमच्या एंड झोनपासून तीन यार्डांवर. चार डाउन हातात. पहिल्या डाउनला त्यांनी केट्रॉन ॲलनला मधोमध घुसवलं. दुसऱ्याला पुन्हा तोच. तिसऱ्यालाही तोच. प्रत्येक वेळी ढिगाऱ्यातून माणसं उठायची आणि बॉल जेमतेम हातभर सरकलेला असायचा. चौथ्याला एकच यार्ड उरलं होतं. त्यांनी पास टाकला, तो जमिनीवर पडला. लाखाहून जास्त माणसांचं स्टेडियम गप्प. पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो. पाचेक मिनिटं शिल्लक होती, बॉल आमच्याकडे स्वतःच्याच एंड झोनच्या तोंडाशी, आणि आम्ही पास न टाकता नुसते पळत राहिलो. चार यार्ड, सहा यार्ड, पुन्हा नवे डाउन, घड्याळ चालूच. पेन स्टेटला बॉल परत मिळालाच नाही. भाच्याला मी हाच तुकडा दाखवला. त्यानंतर 'हे उभे का राहतात' हा प्रश्न त्याने विचारलेला नाही.

कॉलेजचे काही नियम एनएफएल या व्यावसायिक लीगपेक्षा वेगळे आहेत. पास झेलताना एक पाय आत असला तरी चालतो, तिकडे दोन लागतात. बॉलवाल्याचा गुडघा टेकला की तो डाउन तिथेच संपला, कोणी धरलेलं नसलं तरी. बरोबरी झाली तर दोघांनाही २५ यार्डांवरून आळीपाळीने संधी मिळते. दुसऱ्या ओव्हरटाइमपासून टचडाउननंतर दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो, आणि तिसऱ्यापासून तर नुसते दोन-दोन गुणांचे प्रयत्न. २०२१ ला इलिनॉय आणि पेन स्टेट असे नऊ ओव्हरटाइम खेळले आणि स्कोअर झाला २०–१८. बघणाऱ्यांची कमाल म्हणायची.

बॉलकडे बघू नका

नव्या माणसाची नजर क्वार्टरबॅकवर आणि हवेतल्या बॉलवर जाते. साहजिक आहे. पण सीझन वाचायचा असेल तर बॉलच्या पुढ्यात वाकून उभे असलेले पाच अगडबंब पोरगे बघा: मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकाला टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. टीव्हीवर यांची नावं फक्त चूक केली तरच ऐकू येतात. पण टीम कुठवर जाणार हे यांच्याच पायांवर ठरतं.

१२ ऑक्टोबर २०२४ ला ओरेगनच्या घरी आम्ही ३२–३१ असे हरलो. शेवटी शेवटी ओरेगनने मुद्दाम बारावा माणूस मैदानात ठेवला. पाच यार्डांचा दंड घेतला, पण आमचे चार मोलाचे सेकंद खाल्ले. नियमातली ही फट नंतर बुजवली गेली, पण आमचा सामना गेला तो गेलाच. सगळं गाव त्या बाराव्या माणसावर चडफडत होतं. माझ्या मते त्या रात्रीची खरी बातमी वेगळीच होती: लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स जबर दुखावला होता. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ हा टॅकल राखतो, मागून येणारा मार त्याला दिसत नसतो. पुढचा सामना नेब्रास्काशी, आपल्या घरी, कागदावर सोपा. २१–१७ ने कसाबसा वाचलो, आणि सिमन्सच्या जागी उतरलेला मुलगाही त्यात दुखावला. मग पेन स्टेटसमोर डोनोव्हन जॅक्सनला लेफ्ट गार्डवरून सरकवून टॅकलला उभं केलं. नोव्हेंबरात सेंटर सेथ मॅकलॉफलिनची टाच निकामी झाली. म्हणजे पाचांतले दोन गेले, तिसरा नव्या जागी. ही यादी डोक्यात ठेवा, मिशिगनच्या वेळी लागेल.

घरी बघताना माझी पद्धत सोपी आहे. प्रत्येक डाउनला पहिले दोन सेकंद फक्त रेघेवर नजर. आपले पाच पुढे ढकलतायत की मागे रेटले जातायत? मग बॉल शोधायचा. पहिल्या क्वार्टरभर हे केलंत तर उरलेल्या तीन क्वार्टरचा अंदाज येतो. आणि स्कोअरखेरीज दोनच गोष्टी टिपून ठेवते: तिसऱ्या डाउनला किती वेळा जमलं, आणि बॉल किती वेळा गमावला.

मैदानावर जाणार असाल तर

एकदा तरी जाच. ओहायो स्टेडियम १९२२ चं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, दक्षिणेकडे उघडं, ओलेंटँजी नदीच्या काठी. आसनक्षमता १,०२,७८०. गावात त्याला नुसतं 'शू' म्हणतात. आत पारदर्शकच पिशवी नेता येते, तेव्हा पर्स घरी ठेवा. दुपारच्या सामन्याला पूर्वेकडच्या गॅलरीत ऊन थेट डोळ्यांवर येतं, टोपी हवीच. नोव्हेंबरात एका जाड कोटापेक्षा तीन-चार पातळ थर बरे, कारण सतत उठबस चालते. बाकं थंडगार असतात, बसायला काहीतरी न्या.

सामन्याआधी पार्किंगमध्ये लोक गाड्यांचे मागचे दरवाजे उघडून जेवणं मांडतात, ते टेलगेटिंग. अनोळखी माणूसही प्लेट पुढे करतो. पीनट बटरचे चॉकलेटात बुडवलेले गोळे दिसले तर नाही म्हणू नका. त्यांनाही बकआयच म्हणतात, टीमचं नाव ज्या झाडाच्या बीवरून पडलं त्या बीसारखे दिसतात म्हणून. दोन तास आधी पोहोचलात तर शेजारच्या सेंट जॉन अरीनामध्ये बँडचा स्कल सेशन, म्हणजे सामन्याआधीचा कार्यक्रम, ऐका. खेळाडूही तिथून चालत जातात.

आणि बँड वाजत असताना वॉशरूमला जाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. मैदानावर पितळी वाद्यांचा तो प्रचंड ताफा चालता चालता स्वतःच्या रांगेतून 'ओहायो' ही अक्षरं लिहितो, वळणदार, एकमेकांना जोडलेली. १९३६ पासून चालू आहे. अक्षरं पुरी झाली की सूझाफोन हे अवाढव्य वाद्य अंगावर घेतलेला एक वादक ड्रम मेजरच्या, म्हणजे बँडच्या म्होरक्याच्या, मागे ऐटीत पावलं टाकत 'आय'च्या डोक्यावर येतो, टोपी काढून एका बाजूच्या प्रेक्षकांना कमरेत वाकतो, वळतो, दुसऱ्या बाजूला वाकतो. तो टिंब. एवढ्याशासाठी लाखभर माणसं जी आरोळी ठोकतात ती टचडाउनलाही क्वचित मिळते. वर्षानुवर्षं सराव करून हा मान मिळतो. शेजारचे आजोबा, जन्मापासून कोलंबसचे, सामन्याचे निकाल विसरतात पण कोणत्या वर्षी कोणत्या पोराने टिंब दिला ते सांगतात.

कोणी अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून "ओ-एच" ओरडला तर "आय-ओ" ओरडायचं. विमानतळावरसुद्धा. तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या मध्ये 'हँग ऑन स्लूपी' वाजतं, हातांनी अक्षरं करायची असतात, पुढच्या रांगेची नक्कल करा. सामना संपल्यावर लगेच निघू नका. खेळाडू बँडसमोर उभे राहून 'कार्मेन ओहायो' हे कॉलेजचं गाणं म्हणतात, हरले तरी म्हणतात. तेवढ्यात पार्किंगची गर्दीही ओसरते.

रँकिंगचा ताप

ऑगस्टमध्ये एपी या वृत्तसंस्थेची पहिली यादी येते, वरच्या पंचवीस टीमची. अजून कोणी एक डाउनही खेळलेलं नसतं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तिच्यावरून भांडू नका. कामाची यादी नोव्हेंबरात सुरू होते, दर मंगळवारी रात्री. तेरा जणांची समिती ती ठरवते आणि शेवटी प्लेऑफला, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीला, कोण जाणार तेही.

२०१४ ते २०२३ च्या सीझनपर्यंत प्लेऑफला चारच टीम जायच्या. २०२४ पासून बारा जातात. २०२४ आणि २०२५ ला सर्वांत वरच्या क्रमांकाच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हक्काची जागा होती, उरलेल्या सात जागा समितीच्या मर्जीच्या. जागा वाढल्यामुळे हारेचं वजन बदललं, आणि सीझन वाचण्याची सगळी कला याच वजनात आहे. हरलात तर चार प्रश्न विचारा: कोणाशी, कुठे, कितीने आणि कधी? ओरेगनशी, त्यांच्या घरी, एका गुणाने, ऑक्टोबरात: अशी हार समिती जवळजवळ माफ करते. चारांतली तीन उत्तरं वाईट असलेली हार कशी असते, ते पुढच्याच भागात आहे.

मिशिगनचा आठवडा

उत्तरेला तीनएक तासांवर ॲन आर्बर आहे. त्या कॉलेजचं नाव आमचे जुने लोक घेतच नाहीत, 'उत्तरेकडची ती टीम' म्हणतात. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरचं प्रत्येक 'एम' अक्षर लाल पट्टीने खोडलेलं दिसेल. निळा-पिवळा स्वेटर कपाटातच राहू द्या. मिशिगनला हरवणाऱ्या खेळाडूला सोन्याच्या छोट्याशा पँटचं पदक मिळतं, १९३४ पासूनची रीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हरल्यावर कोणालाही "जाऊ दे, खेळच आहे" असं म्हणू नका. आपल्याकडे दुखवट्याला गेल्यावर जितकं बोलतो तितकंच बोलावं.

३० नोव्हेंबर २०२४. आम्ही देशात दुसरे, मिशिगन पंचविसांतही नाही. सट्टेबाजांच्या हिशेबात आम्ही जवळपास वीस गुणांनी जिंकणार होतो. हाफटाइमला १०–१०. आता वरची ती यादी आठवा. सेंटर नाही, लेफ्ट टॅकल नाही, आणि समोर मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट ही मिशिगनची दोन धिप्पाड पोरं नेमकी मधल्या भागात. आमच्याकडे जेरेमाया स्मिथसारखे देशातले उत्तम रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, असताना आम्ही पुन्हा पुन्हा त्या दोघांच्याच अंगावर पळत गेलो. दोन फील्ड गोल हुकले. दुसऱ्या अर्ध्यात आमचा एकही गुण नाही. ४५ सेकंद शिल्लक असताना मिशिगनने फील्ड गोल मारला, १३–१०. वर त्यांनी आमच्या मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, दोन्ही कॉलेजांना एकेक लाख डॉलर दंड झाला.

अनरँक्ड टीमशी, स्वतःच्या घरी, सीझनच्या शेवटच्या शनिवारी, आणि मिशिगनशी लागोपाठ चौथ्या वर्षी. फरक तेवढा तीनच गुणांचा, पण ते कोणाच्या लक्षात राहत नाही. बिग टेनच्या अंतिम सामन्याची जागाही गेली, तिथे पेन स्टेट खेळली. कोच रायन डेला हाकला, असं अर्धं गाव म्हणत होतं. उरलेलं अर्धं बोलतच नव्हतं.

डिसेंबरात सोडून देऊ नका

चार टीमचा जमाना असता तर सीझन तिथेच संपला असता. बारांच्या प्लेऑफमध्ये आम्हाला आठवं मानांकन मिळालं. पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या टीमना पहिला सामना आपापल्या कॅम्पसवर खेळायला मिळतो, आणि हा नव्या पद्धतीतला सर्वांत चांगला भाग आहे. २१ डिसेंबरची कडाक्याची थंडीची रात्र, गॅलऱ्यांत टेनेसीचे केशरी कोट इतके की बघवत नव्हतं. ४२–१७ जिंकलो. मग रोझ बोलमध्ये, म्हणजे उपांत्यपूर्व सामन्यात, तोच ओरेगन, तोवर एकही सामना न हरलेला. दुसऱ्या क्वार्टरमध्येच ३४–०, शेवटी ४१–२१. लाइन तीच, तुकडे जोडलेली, फक्त जॅक्सन आता टॅकलला रुळला होता आणि बॉल मधोमध घुसवायच्या ऐवजी स्मिथकडे जात होता. मिशिगनच्या सामन्यात जे चुकलं होतं तेच सुधारलं होतं, म्हणून तर सगळे सामने ओळीने बघायचे.

टेक्ससविरुद्धचा कॉटन बोल, म्हणजे उपांत्य सामना, बघताना माझ्या नवऱ्याने चहाचा कप पाडला. आम्ही २१–१४ ने पुढे, टेक्सस आमच्या एंड झोनच्या तोंडाशी, चौथा डाउन. जॅक सॉयरने क्वार्टरबॅक क्विन एवर्सच्या हातातला बॉल उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. हे दोघे एकेकाळी कोलंबसात एका खोलीत राहायचे. २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोटर डेमशी अंतिम सामना. आमची मोठी आघाडी घसरत ३१–२३ वर आलेली, थर्ड अँड इलेव्हन. आता तुम्हाला या आकड्यांचा अर्थ कळतो: फेकणारच. हॉवर्डने लांब फेकला, स्मिथने ५६ यार्डांचा झेल घेतला, आणि फील्ड गोलने ३४–२३ वर शिक्कामोर्तब झालं. मिशिगनशी हरलेली टीम चॅम्पियन.

पुढच्या वर्षी बरोब्बर उलटं झालं. २०२५ ला आम्ही बाराच्या बारा जिंकलो, ॲन आर्बरला जाऊन २७–९ जिंकलो, आणि मग बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियानाशी १३–१० आणि कॉटन बोलमध्ये मायामीशी हरून घरी आलो. त्याच्या दोन वर्षं आधी ३–९, म्हणजे तीन विजय आणि नऊ पराभव, अशा हिशेबाने सीझन संपवणारी इंडियाना एकही सामना न हरता चॅम्पियन झाली. शेजारच्या आजोबांना विचारलं, यातलं कोणतं वर्ष बरं? त्यांचं उत्तर मी छापत नाही, पण मिशिगनला हरवलेल्या वर्षाबद्दल ते बराच वेळ बोलत होते.

एप्रिलचं एक काम

जानेवारीनंतर सगळं थंडावतं. कोण कुठे गेलं, कोण पोर्टलमधून आलं, याच्या बातम्या येत राहतात, त्या सगळ्या वाचायच्या नादी लागू नका. पण एप्रिलमध्ये आपापसांतला स्प्रिंग गेम असला तर जरूर जा. गर्दी कमी, जागा मनासारखी, आणि नवी पोरं जवळून दिसतात. तिथे पहिल्या क्वार्टरबॅककडे फार बघू नका, त्याला तुम्ही पुढे भरपूर बघणार आहात. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या मुलांचे शर्टावरचे आकडे टिपून ठेवा. २०१४ ला ब्रॅक्सटन मिलर सीझनच्या आधीच दुखावला, त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट मिशिगनच्या सामन्यात, आणि कार्डेल जोन्स या तिसऱ्या पोराने सुरुवातीपासून खेळलेला आयुष्यातला पहिला सामना होता बिग टेनचा अंतिम सामना. विस्कॉन्सिनला ५९–० हरवलं. दुसरा सामना अलाबामाशी, ४२–३५. तिसरा ओरेगनशी, ४२–२०, आणि हातात राष्ट्रीय करंडक.